वारा आहे, गारवा नाही

मोटारीतील वातानुकूलन ही चैन की गरज, हा वाद सांगोल्यापुरता तरी चैत्रातच निकालात निघतो. माणदेशाचा हा भाग पावसाच्या बाबतीत कंजूष आणि उन्हाच्या बाबतीत सढळ. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा 40 अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभी असलेली काचबंद गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षाही 15-20 अंशांनी अधिक तापते. लग्नकार्य, खरेदी, दवाखाना या निमित्तांनी सोलापूर, पंढरपूर, मिरज येथे जाणे तर चुकत नाही. उन्हे उतरल्यावर निघावे, असे व्यवहार सांगतो. परंतु आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचे घड्याळ सूर्यावर चालते. सूर्यास्तापूर्वी भोजन, बाहेरचे पाणी वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीचा उपवास. म्हणजे प्रवास भर उन्हातच करावा लागतो, आणि तोही पोटात फारसे काही नसताना. अशा वेळी गाडीतील यंत्र गरम वारा फेकू लागले, तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही.

सांगोल्यातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न सलग तीन उन्हाळे ठाण मांडून बसला होता. घरातील आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना महिन्याकाठी मिरजेला न्यावे लागे. जुनोनी, नागज, कवठे महांकाळ असा तो सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये गारवा गेला, तेव्हा मोठ्या शहरातील एका गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला. दिवाळीपर्यंत ठीक चालले. दुसऱ्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच, पुन्हा गॅस. तिसऱ्या वर्षी भरलेला गॅस दोन महिनेही टिकला नाही. मिरजेहून परतताना आई घामाने निथळल्या, बोलेनाशा झाल्या. कवठे महांकाळला एका ओळखीच्या दुकानात सावलीला बसवून, सोबतचे उकळलेले पाणी घोट घोट पाजल्यावर त्या सावरल्या. पुढच्या आठवड्यात त्याच गॅरेजने निदान केले की कॉम्प्रेसर गेला आहे आणि खर्च अठ्ठावीस हजार रुपये येईल.

येथे एक गोष्ट नवलाची वाटते. हाच व्यापारी आपल्या दुकानात साखरेचे पोते दर महिन्याला दोन किलोंनी कमी भरू लागले असते, तर त्यात वरून साखर ओतून स्वस्थ बसला नसता. पोत्याला भोक कोठे आहे, ते त्याने त्याच दिवशी शोधले असते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर थकलेले व्याज नव्या कर्जातून भागविले की खाते कागदावर काही काळ निरोगी दिसते, इतकेच. मोटारीपुढे मात्र भलेभले हिशेबनीस हिशेब विसरतात आणि ‘गॅस संपला’ हे वाक्य निमूटपणे मान्य करतात.

वास्तविक हा गॅस संपत नाही. याचे कारण समजण्यास घरातील माठ पुरेसा आहे. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतील पाणी गार राहते. गाडीतील यंत्र हेच काम बंदिस्त नळ्यांतून, पुन्हा पुन्हा करते. पाण्याऐवजी त्यात असा पदार्थ असतो, जो उणे 26 अंशांच्या सुमारासच उकळतो. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि गाडीतील हवेची उष्णता तो शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पुढे ढकलतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीदार कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते आणि एका अरुंद व्हॉल्व्हमधून परत कॉइलकडे येते. यंत्र थंडी तयार करीत नाही, आतील उष्णता बाहेर नेऊन टाकते. या फेऱ्यात गॅस जळत नाही, झिजत नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत अगदी थोडा झिरपतो खरा, पण एका हंगामात गारवा जाण्याइतका तो कमी झाला, तर कोठेतरी भोक आहे एवढाच त्याचा अर्थ.

सांगोल्यातीलच एका जुन्या मिस्त्रींनी हे त्यांच्या पद्धतीने सांगितले. “शेठ, गॅस म्हंजे काय पेट्रोल न्हवं, जळून संपायला. गेला म्हंजे कुठनं तरी गेलाय. आधी वाट शोधू.”

“पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, असं ते म्हणाले, मिस्त्री.”

“न्हाईच हुणार. गॅस कमी झाला की यंत्रच त्येला आडवतंय.”

हा मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो. कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस फार कमी झाला तर तेलाविना कॉम्प्रेसर जखडून बसेल, म्हणून दाब घसरताच एक स्विच त्याचा विद्युतप्रवाह तोडतो. बंद पडलेला कॉम्प्रेसर हा पुष्कळदा रोगी नसतो, पथ्यावर ठेवलेला असतो. ही शक्यता न पडताळता तो बदलण्याचा सल्ला देणे म्हणजे कर्जदार बँकेत आला नाही म्हणून तो दिवाळखोर ठरविण्यासारखे.

मिस्त्रींनी यंत्राला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. वारा जोराचा येतो पण गरम येतो, की वाराच मंद आहे? वारा मंद असेल तर दोष बहुधा डॅशबोर्डमागील हवेच्या फिल्टरमध्ये किंवा ब्लोअरमध्ये. सांगोल्याच्या धुळीत तो फिल्टर एका हंगामात गोधडीसारखा होतो. वारा जोराचा, पण गरम असेल, तर आधी बटणे पाहावीत. बाहेरची हवा आत घेण्याची खूण लागलेली असेल, तर 42 अंशांची हवा गार करता करता यंत्र थकते. तापमानाचा खटका चुकून गरमकडे वळलेला असेल, तर इंजिनाची ऊब आत येते. यांतील कशालाही खर्च नाही, आणि म्हणूनच बहुधा हे कोणी सांगत नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न अधिक नेमका होता. “रस्त्याला गार आन् गर्दीत गरम, असं व्हायचं का?” व्यापाऱ्याच्या मुलाला आठवले की होय, मागील वर्षभर तसेच होत होते. महामार्गावर बरे वाटे, मिरजेच्या रहदारीत गाडी थांबली की वारा कोमट होई. धावत्या गाडीत कंडेन्सरला समोरून आपोआप हवा मिळते. थांबलेल्या गाडीत ती पंख्याने द्यावी लागते. म्हणजे पंख्यावर संशय. बॉनेट उघडून पाहिले, तर पंख्याकडे जाणारी तार कुरतडलेली होती. गाडी रात्री धान्याच्या गोदामात उभी राहत असे, आणि जेथे धान्य तेथे उंदीर ठरलेले. इंजिनाची ऊब त्यांना हिवाळ्यात आयती शय्या होते. पंखा बंद, म्हणून कंडेन्सरमधील दाब वाढलेला, आणि त्या वाढत्या दाबाने कोठेतरी सांधा सैल केला असावा, असा मिस्त्रींचा अंदाज.

कंडेन्सरची जाळीही धुळीने आणि चिकटलेल्या कस्पटांनी लिंपून गेली होती. डाळिंबाच्या बागांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरील ती देणगी. ती त्यांनी पाण्याच्या हलक्या धारेने, आतून बाहेरच्या दिशेने धुतली. जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पात्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते. गाडीखाली पाणी ठिबकत नाही याची मुलाला चिंता होती. मिस्त्रींनी ती उडवून लावली. कोकणात एसी लावला की गाडीखाली थारोळे साचते, कारण हवेत दमटपणा असतो. माणदेशाच्या कोरड्या मे महिन्यात हवेतच पाणी नाही, तर ठिबकणार काय?

मग गळतीचा शोध. नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरला नळी जोडली जाते त्या सांध्याशी बारीक बुडबुडे येऊ लागले. आतील रबरी कडी कडक होऊन तडकली होती. तिची किंमत काही रुपये. तीन वर्षांचा गॅस, दोन खेपांचे पेट्रोल आणि कवठे महांकाळच्या दुकानातील तो अर्धा तास, हे सारे त्या कडीच्या नावे लिहावे लागेल.

गॅस कसा भरावा, हे व्यापारी वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अनेक ठिकाणी घड्याळी मीटरचा काटा पाहून अंदाजाने गॅस सोडतात. बंद यंत्रातील दाब मात्र प्रमाण सांगत नाही. आत थोडासाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब केवळ तापमानावर ठरतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही तसेच असते. तो अर्धा असो वा पाव, शेगडीची ज्योत सारखीच दिसते, आणि किती उरला हे वजन केल्याविना कळत नाही. गाडीत किती ग्रॅम गॅस हवा, हे बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते. कमी भरला तर गारवा नाही, आणि जास्त भरला तरी गारवा नाही, कारण कंडेन्सरमध्ये जागाच उरत नाही. मिस्त्रींनी आधी अर्धा तास पंपाने नळ्यांतील हवा व ओल खेचून काढली, काटा जागचा हलत नाही याची खात्री केली आणि मग इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाटली ठेवून 450 ग्रॅम गॅस सोडला. झरोक्यात धरलेला थर्मामीटर 9 अंशांवर आला. एकूण देयक तीन हजार चारशे रुपये झाले.

या हिशेबात आणखी एक रकाना आहे, जो कोणत्याही देयकावर छापला जात नाही. जुन्या गाड्यांत आर-12 नावाचा गॅस असे. तो पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला मारक ठरला, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारान्वये जगाने तो टप्प्याटप्प्याने हद्दपार केला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला इजा करीत नाही, परंतु उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. म्हणून 2016 मध्ये रवांडातील किगाली येथे अशा वायूंचाही वापर घटविण्याचे ठरले. 450 ग्रॅम गॅस हवेत निसटणे म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. गळती न शोधता दर चैत्रात गॅस भरणारा माणूस आपल्याच गावच्या उन्हात भर घालीत असतो, आणि त्यासाठी पैसेही मोजतो.

सांगोल्याला गारव्याची किंमत कळत नाही, असे म्हणता येणार नाही. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे याच स्थानकातून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. डाळिंब टिकवायचे तर ते किती अंशांत ठेवावे लागते, हे येथील आडत्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. मालाच्या गारव्याचा हिशेब अंशांत, आणि आईच्या गारव्याचा हिशेब ‘जरा गॅस मारून घे’ एवढ्यावर, ही तफावत मात्र खटकते.

उंदरांचा प्रश्न राहिला होता. मिस्त्रींनी सहज औषधाची गोळी सुचविली. त्यावर व्यापाऱ्याने हात जोडले. घरात ती गोष्ट होणे नव्हते. आईंनीच मार्ग काढला. “धान्याजवळ गाडी ठेवायची कशाला? त्यांचं घर आहे ते. आपणच गाडी हलवू या.” गाडी आता अंगणात उभी राहते, तारेवर जाड आवरण घातले आहे, आणि चुकून शिरलेला उंदीर पिंजऱ्यात धरून माणनदीच्या बाजूला सोडला जातो.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताना मुलगा आता आधी चारी काचा खाली घेतो, दोन-तीन मिनिटे गाडी चालवून कोंडलेली ऊब बाहेर काढतो आणि मगच आतलीच हवा फिरविण्याची खूण लावतो. हिवाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालविण्यास मिस्त्रींनी बजावले आहे, म्हणजे तेल फिरते आणि सांध्यांचे रबर कोरडे पडत नाही. दुकानाच्या खतावणीशेजारी गाडीची एक वेगळी वही ठेवली आहे. तीत तारीख, बदललेली कडी आणि 450 ग्रॅम ही नोंद आहे. पुढील एप्रिलमध्ये गारवा असला तरी एकदा आतील गॅस यंत्राने काढून त्याचे वजन करायचे ठरले आहे. साडेचारशेपैकी किती शिल्लक राहिला, ते तेव्हा कळेल.