अंडी मोजून घ्या, स्वेलला निघालोय!

ईस्टरच्या सुट्टीत युटामधली कितीतरी कुटुंबं तंबू, पातेली आणि आजी-आजोबांसकट वाळवंटातल्या दऱ्याखोऱ्यांत राहायला जातात. दर वर्षी, त्याच जागी. कशासाठी?

लाँग वीकेण्ड जवळ आला की आपल्या ग्रुपवर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. सोमवारी कुणीतरी 'काय प्लॅन?' असं टाकतं. मंगळवारपर्यंत अकरा जागा सुचवून होतात. बुधवारी बजेटवरून वाद. आणि शनिवारी सकाळी उरलेले चौघंजण लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये! शिवाय जागा दर वेळी नवी हवी. 'तिथे तर जाऊन आलो ना' असं कुणी म्हटलं की विषयच संपला.

म्हणूनच सॉल्ट लेक सिटीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं, की तिच्या घरचे १९८८ पासून दर ईस्टरला एकाच जागी कॅम्पिंगला जातायत, तेव्हा मी थेट विचारलं, "कंटाळा नाही येत?" तिनं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "यंदा चल आणि तूच सांग." २०२५ चा ईस्टर होता २० एप्रिलला. शुक्रवारची रजा टाकली, पुण्याहून आईनं पाठवलेलं भडंगाचं पाकीट उचललं आणि निघाले.

हा स्वेल आहे तरी कुठे?

कॅनियन म्हटलं की आपल्याला ग्रँड कॅनियन आठवतो, फार तर झायन. युटात असल्या लाल दगडांची पाच नॅशनल पार्क्स आहेत आणि सुट्टीत तिथे पार्किंग मिळणं म्हणजे तुळशीबागेत दिवाळीच्या आधी स्कूटर लावण्याइतकं सोपं! मोआब नावाच्या गावात तर १९६७ पासून ईस्टर जीप सफारी भरते. नऊ दिवस नुसत्या जीपच जीप. ज्यांना शांतपणे पोरंबाळं घेऊन राहायचंय, अशी बरीच मंडळी मग सॅन राफेल स्वेल गाठतात.

स्वेल म्हणजे फुगवटा. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालचे दगडाचे थर खालून रेटा बसून वर फुगले आणि मग वारा-पाण्यानं हा फुगवटा वरून कोरून काढला. सुमारे १२० किलोमीटर लांब आणि ६५ किलोमीटर रुंद अशा या पसाऱ्यात गाव नाही, हॉटेल नाही. मधून इंटरस्टेट ७० हा मोठा हायवे जातो. ग्रीन रिव्हर गाव सोडलं की पुढच्या सलायनापर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर, पेट्रोलपंप नाही. मोबाइलची रेंज? विसरा!

आणि ईस्टरच का? कारण हवा. जुलैत इथे पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो, हिवाळ्यात रात्री सगळं गोठतं. मार्च-एप्रिलचे मोजके आठवडे तेवढे माणसासारखे जगता येतात. शाळांची स्प्रिंग ब्रेकची सुट्टीही याच सुमारास असते.

आम्ही प्राइस गावावरून कच्च्या रस्त्यानं बकहॉर्न वॉशमध्ये उतरलो. इथे लाल कातळावर जवळजवळ ४० मीटर लांब चित्रपट्टी आहे. लांबुडकी, बिनपायांची, पंख पसरलेली माणसं. दोन हजार वर्षांहून जुनी. मधल्या काळात लोकांनी त्यावर नावं खरवडली, बंदुकीच्या गोळ्याही झाडल्या. युटा राज्याला १९९६ मध्ये शंभर वर्षं होणार होती, त्यानिमित्त १९९५ मध्ये तज्ज्ञांनी हे सगळं कष्टानं पुसून, बुजवून घेतलं. मैत्रिणीची आई, म्हणजे पोरांची आजी, वय वर्षं शहात्तर, गाडीतून उतरून दर वर्षी इथे पाच मिनिटं उभी राहते. पोरांना तिचा एकच डायलॉग असतो, "बघा, आणि हात खिशात!"

यादी म्हणजे यादी

आमचा कॅम्प स्वेलच्या पूर्व कडेला, टेम्पल माउंटनजवळ. १९५० च्या दशकात इथे युरेनियमच्या खाणी जोरात होत्या. आता आहे फक्त शांतता. सतरा माणसं, पाच गाड्या, सहा तंबू, एक कुत्रा.

मला वाटलं होतं, पिकनिक म्हणजे थोडी धमाल, थोडा गोंधळ. कसलं काय! इथे सगळं एका यादीवर चालतं. पाणी कोण आणणार, माणशी रोज चार लिटरच्या हिशेबानं. लाकडं कोणाची. राख गोळा करायची लोखंडी परात कोणाची. टॉयलेटच्या पिशव्या कोणाकडे (हो, वापरलेल्या पिशव्या घरी परत न्यायच्या!). प्रत्येक घराचा पदार्थ ठरलेला आणि तो बदलायचा नाही. थोरल्या भावाकडे बटाटे, तेही 'डच ओव्हन'मध्ये. हे जाडजूड बिडाचं झाकणाचं भांडं. खाली निखारे, झाकणावर निखारे. आपल्याकडे कोकणात जुन्या आज्या खाली-वर विस्तव ठेवून भानोळं करतात ना, अगदी तसं. युटानं १९९७ मध्ये या भांड्याला कायदा करून राज्याचं अधिकृत भांडं ठरवलंय. राज्याचा पक्षी, राज्याचं फूल, तसं राज्याचं पातेलं. मला ही आयडिया जाम आवडली.

पोरांनाही कामं असतातच. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे अंडी. ईस्टरला मोठ्यांनी लपवलेली रंगीत अंडी मुलांनी शोधायची, ही पद्धत आपण सिनेमात पाहिलेली असते. इथे तिला एक जोड आहे. प्लॅस्टिकची अंडी बंद. उकडून रंगवलेली साठ अंडी लपवायची, आणि साठच्या साठ सापडल्याशिवाय कुणालाही नाश्ता नाही. टरफलंसुद्धा पिशवीत. शिवाय लपवायची ती फक्त कातळावर नाहीतर ओढ्याच्या कोरड्या वाळूत. कारण बाकीच्या जमिनीवर काळसर, खडबडीत पापुद्रा असतो. लांबून घाणेरडी माती वाटते, पण तो सूक्ष्म जिवाणू, शेवाळं आणि दगडफूल यांनी मिळून विणलेला जिवंत थर आहे. वाळू धरून ठेवतो तो हाच. एक पाय पडला की तो भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पाच वर्षांचं पोरगंसुद्धा तिथे दगडावरून दगडावर उड्या मारत जातं.

शेजारीच गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्क आहे. हजारो बुटकेबैंगण दगडी बुवा गर्दी करून उभे! ऑक्टोबर २०१३ मध्ये दोन स्काउट लीडर्सनी त्यातला एक ढकलून पाडला आणि हसत हसत व्हिडिओ काढला. व्हिडिओ जगभर गेला. स्काउट संघटनेनं दोघांनाही काढून टाकलं, कोर्टात त्यांना गुन्हा कबूल करावा लागला. तो दगड सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीचा. पाडायला काही सेकंद पुरले. पोरांना ही गोष्ट तोंडपाठ आहे, राक्षसाच्या गोष्टीसारखी.

आभाळ कोण बघणार?

या कुटुंबात आणखी एक पद्धत आहे. मूल आठ वर्षांचं झालं की त्या ईस्टरला त्यानं सगळ्यांच्या पुढे राहून लिटल वाइल्ड हॉर्स कॅनियन पार करायचा. ही गॉब्लिन व्हॅलीजवळची चिंचोळी घळ आहे. भिंती इतक्या जवळ, की काही ठिकाणी तिरकं होऊन सरकावं लागतं. पाण्यानं घासून घासून दगडाला रेशमासारख्या वळ्या पडलेल्या. आपल्या भंडारदऱ्याजवळची सांदण दरी पाहिली असेल, तर ती आणखी अरुंद करा, काळ्या दगडाच्या जागी तांबूस दगड ठेवा, की झालं.

यंदा पाळी होती थोरल्या भावाच्या मुलाची. पठ्ठ्यानं महिनाभर घरच्या पॅसेजमध्ये तिरकं चालायची प्रॅक्टिस केली होती!

शनिवारी सकाळी उठलो तर डोक्यावर निळंशार आभाळ. वायव्येला मात्र, फुगवट्याच्या आतल्या बाजूला, करड्या ढगांची रांग. आतापर्यंत 'जायचं की नाही' हे ठरवायचे ते आजोबा. ते सकाळी कॉफीचा मग घेऊन टेकाडावर जायचे, बघून यायचे आणि सांगायचे. पण आजोबा २०२४ च्या शरद ऋतूत गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिलाच ईस्टर. सगळे कॉफी घेऊन उभे होते आणि टेकाडाकडे कुणीच बघत नव्हतं.

शेवटी थोरली ताई मग घेऊन वर गेली. ती शाळेत शिकवते. सॅटेलाइट मेसेंजरवर हवामानाचा अंदाज मागवला, वीस मिनिटं बसून राहिली, खाली आली आणि म्हणाली, "नाही."

भाऊ म्हणाला, "अगं, ऊन पडलंय." ताई म्हणाली, "इथे पडलंय."

ही एवढी गोष्ट समजून घ्यायला हवी. घळीतलं पाणी डोक्यावरच्या पावसानं येत नाही. ते येतं वरच्या अंगाला, कुठल्या कुठे पडलेल्या पावसानं. उघडा कातळ पाणी पीत नाही. सगळं पाणी उतारानं घळीत शिरतं आणि आत बाजूला व्हायला जागाच नसते. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण असेच गेले. आपल्यालाही हे नवं नाही. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेही वर्षा सहलीलाच आले होते.

पोरगा रडला. अगदी हमसून. त्याच्या चुलतभावानं आठव्या वर्षी केलं होतं, मग मलाच का नाही? ताई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. दिवसभर सगळे गॉब्लिन व्हॅलीत लपाछपी खेळले. आणि गंमत म्हणजे आमच्या अंगावर पावसाचा एक थेंब पडला नाही. संध्याकाळपर्यंत ढग विरलेसुद्धा. मला वाटलं, आता भाऊ काहीतरी बोलणार. तो मुकाट्यानं बटाटे परतत होता.

नाही गेलो

रात्री जेवणं झाल्यावर आजीनं एक वही काढली. गॉब्लिन व्हॅलीला २०१६ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळालाय, तेव्हा वर चांदणं किती होतं याची कल्पना करा. पण त्या रात्री कुणी वर बघत नव्हतं. १९८८ पासूनची वही. प्रत्येक ईस्टरला आजोबांच्या हातच्या दोन-तीन ओळी. कोण आलं, किती अंडी, हवा कशी, घळीत गेलो की नाही.

आजीनं वही नातवाच्या हातात दिली आणि म्हणाली, "१९९१ काढ."

त्यानं पान शोधून मोठ्यानं वाचलं. चौदा माणसं. अंडी चाळीस, सापडली चाळीस. वायव्येला ढग. नाही गेलो. आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं, की आठ वर्षांचा मुलगा फार रडला. पोरानं मान वर करून बापाकडे बघितलं. बाप लाजून बटाट्याचं भांडं घासायला लागला. १९९२ च्या पानावर तो नऊ वर्षांचा होता आणि सगळ्यांच्या पुढे चालत होता.

मग आजीनं पेन ताईला दिलं. २०२५ ची ओळ तिनं लिहिली. आजोबांनी लिहिली असती तशीच, दोन शब्दांत.

'कंटाळा नाही येत?' याचं उत्तर मला तिथे मिळालं. दर वेळी नव्या जागी गेलं की सगळ्यात छान फोटो मिळतात. पण तीच जागा असेल, तर तिथे कधी थांबायचं हे पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी शिकवत राहतं, आणि ते शिकवणारं माणूस गेल्यावरही त्याचं 'नाही' तिथे उरतं. आपल्याकडेही होतंच की हे. गावच्या जत्रेला, कुलदैवताला ठरलेल्या दिवशी जायचं, नदीवर कुठल्या दगडाच्या पुढे जायचं नाही हे आत्या-काकांकडून ऐकायचं. आपण ते 'बोअर' म्हणून सोडलं आणि रील बघून जागा शोधायला लागलो. रील जागा दाखवतं. आभाळ नाही दाखवत.

रविवारी सकाळी साठातली एकोणसाठ अंडी सापडली. साठावं अंडं शोधायला पाऊण तास गेला, सतरा माणसं उपाशी. शेवटी ते कुत्र्याच्या अंथरुणाखाली निघालं.

निघताना ताईनं पुढच्या ईस्टरची यादी करायला घेतली. घळ : सगळ्यांच्या पुढे कोण, ते नाव पोरानं स्वतःच लिहिलं. आणि सगळ्यात खाली माझं नाव, समोर पदार्थ : भडंग. मोठं पाकीट.

जायचं असेल तर...

कधी : मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात घळींना अचानक पूर येतात, तेव्हा टाळाच.

कसं : सॉल्ट लेक सिटीहून गाडीनं साधारण चार तास. ग्रीन रिव्हरला टाकी फुल्ल करून घ्या.

राहायला : गॉब्लिन व्हॅलीतलं कॅम्पिंग सुट्टीसाठी कित्येक महिने आधी बुक होतं. बाहेर तंबू ठोकायचा तर आधीपासून ठरलेल्या, वापरातल्या जागीच.

सोबत : माणशी रोज चार लिटर पाणी, गरम कपडे (रात्री थंडी वाजतेच), कागदी नकाशा, कचऱ्याच्या पिशव्या. आणि 'नाही' म्हणू शकेल असं एक माणूस.