चुन्याची रेघ

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. कुस्तीच्या हौद्याशेजारी वाढलेला, त्यामुळं अंगात रग भरपूर आणि थांबायची सवय कुणालाच नाही. मी उजव्या बगलेला खेळायचो. पळण्यात मला कुणी धरत नसे. पळायचं कधी, हा प्रश्न मात्र कधी पडलाच नव्हता.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर आमच्या संघाला नवे सर आले. त्याच ऑक्टोबरात १७ वर्षांखालच्या पोरांचा विश्वचषक भारतात झाला, भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता, आणि गल्लीतलं शेंबडं पोरगंही एकदम फॉरवर्ड झालं होतं. सरांनी पहिल्या दिवशी तीन कोन ठेवले, मुठीतून चुना सोडत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "आज गोल नाही. आज फक्त पास."

मांडणी अशी. गोलपासून तीसेक यार्डांवर मिडफिल्डर. डीच्या तोंडाशी, गोलकडं पाठ करून स्ट्रायकर. उजवीकडं मी. मिडफिल्डरनं स्ट्रायकरच्या पायात कडक पास घालायचा, त्यानं एका टचमध्ये तो मागं द्यायचा, आणि मिडफिल्डरनं पहिल्याच टचला बॉल रेघेपलीकडच्या मोकळ्या जागेत माझ्यासाठी सोडायचा. सर याला 'अप-बॅक-थ्रू' म्हणत. पोरांनी दुसऱ्या दिवशी त्याचं 'वर-मागं-पार' केलं. रेघ म्हणजे शेवटचा डिफेंडर. पास निघायच्या आत मी ती ओलांडली की शिट्टी.

पहिल्या संध्याकाळी माझ्या प्रत्येक धावेला शिट्टी वाजली. मिडफिल्डरनं पाय उचलला की मी सुटलेलाच.

"बॉल कुणाकडं चाललाय?" सरांनी विचारलं.

"स्ट्रायकरकडं."

"मग तू कुठं चाललायस?"

सगळे हसले. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी मला डोळे मिटून रेघेजवळ उभं केलं आणि बाकीच्या दोघांना पास करायला लावले. ओल्या मातीवर कडक पासचा आवाज भरीव येतो, थप्प. स्ट्रायकरनं आतल्या बाजूनं मागं सोडलेला बॉल नुसता टक् करतो. "दुसरा आवाज आला की सूट," सर म्हणाले. तोवर दोन पावलं उलटी, गोलपासून लांब टाकायची, म्हणजे डिफेंडर निवांत होतो. मग रेघेच्या कडेकडेनं वळण घेत निघायचं. सरळ पळालं तर बॉल पाठीमागून येतो, वळणानं पळालं तर तो दिसत राहतो. आठवडाभरात माझ्या शिट्ट्या निम्म्यावर आल्या. यात खरी हमाली स्ट्रायकरची, हे तेव्हा कळलं. मागून धक्के खायचे, बॉल हलका आणि किंचित बाजूला ठेवायचा, मिडफिल्डरला तो धावत येऊन मारता यावा म्हणून. आणि टाळ्या भलत्यालाच.

गोल मारायला परवानगी मिळाली ती दहाव्या दिवशी, तीही अट घालून. गोल आठ यार्ड रुंद. दोन्ही खांबांपासून आत एकेक यार्डावर त्यांनी विटा ठेवल्या. वीट आणि खांब यांच्यामधून, जमिनीलगत गेला तरच गोल. लांबच्या खांबाचे दोन धरायचे, कारण तिकडं मारलेला बॉल कीपरनं अडवला तरी बऱ्याचदा समोर पडतो, आणि तिथं आपला स्ट्रायकर पोचलेला असावा. मला जाळी फाडायची हौस. माझे बहुतेक शॉट विटांच्या मधोमध, म्हणजे थेट कीपरच्या पोटात जात.

हंगामातली पहिली मोठी मॅच शाहू स्टेडियमवर. दोन्हीकडच्या पेठा प्रेक्षकांत, कानाला काही ऐकू येईना. सरांचा टक् तर दूरच. उत्तरार्धात एकदा सगळं जुळून आलं. पास स्ट्रायकरच्या पायात गेला. मी दोन पावलं मागं आलो. माझा डिफेंडर बॉलकडं बघत राहिला. आवाज आला नाही, पण स्ट्रायकरचा घोटा वळताना दिसला आणि मी सुटलो. समोर सगळं रान मोकळं.

गॅलरीतून एकच आरोळी उठली, "मार की!" आमच्या मिडफिल्डरनं ती ऐकली आणि तिथूनच, तीस यार्डांवरून, जोरात हाणला. बॉल बारवरून थेट गॅलरीत. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी डीमध्ये हात पसरून उभा.

मॅच बरोबरीत सुटली. बूट सोडत बसलो होतो तेव्हा सर शेजारून गेले, न थांबता म्हणाले, "आज वेळेवर निघालास."