जुन्नरचा ऊंस आणि भीमाशंकरचा भुंगा

गेल्या फाल्गुनांत नातवास शिवनेरी किल्ला दाखवावा म्हणून पुष्कळ वर्षांनीं मी जुन्नरास गेलों. किल्ल्याचे सात दरवाजे, शिवजन्माची जागा, गंगा-जमुना टांकीं यांविषयीं आजवर इतक्या जणांनीं लिहिलें आहे कीं, त्यांत माझी भर नको. नातवाचें चित्त मात्र कमानी मशिदीच्या दोन मनोऱ्यांमध्यें तोललेल्या कमानीकडे लागलें. "आजोबा, वरचा मधला दगड काढला तर?" असें त्यानें विचारलें. "तर बाकीचेही आपापल्या घरीं जातील," असें मी थट्टेनें म्हणालों. पण तो प्रश्न पुढें चार दिवस माझ्या डोक्यांतून गेला नाहीं, आणि हा लेख त्यांतूनच निघाला आहे.

माथ्यावरून पूर्वेस पाहिलें म्हणजे आतां दूरवर उसाचा हिरवा रंग दिसतो. माझ्या लहानपणीं बाजरी अधिक, ऊंस थोडा. पुढें येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि आंबेगांव तालुक्यांतील डिंभे अशीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, कालवे फिरले, आणि ज्यांत महिनेच्या महिने सहसा कोणी शिरत नाहीं असें एक दाट रान माणसानें स्वतःच्या हातानें लावलें. आपण त्यास ऊंस म्हणतों. बिबट्याच्या लेखीं तें जंगलच. आंत पाणी आहे, आडोसा आहे. बाहेर वस्तीवरचीं कुत्रीं, शेळ्या, डुकरें आहेत. माद्या पिलेंही तेथेंच घालतात. आमच्याकडे बिबट्यास सरळ वाघच म्हणतात.

२००१ सालीं मी नारायणगांवच्या बाजूस एका शाळेवर होतों. लोक भयभीत झाले होते, आणि त्यांचें भय खोटें नव्हतें. वाघ धरून दूर जंगलांत नेऊन सोडावेत असा अर्ज करावयाचें ठरलें. माझें अक्षर बरें आणि भाषा शुद्ध, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मीं तो मोठ्या हौसेनें लिहिला. 'वन्य पशूंचें स्थान वनांतच' असें एक वाक्य त्यांत होतें, व तें मला फार आवडलें होतें.

बिबटे पकडले गेले आणि दूर सोडले गेले. या प्रकाराचा अभ्यास पुढें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं करून २०११ सालीं प्रसिद्ध केला, तो मीं निवृत्तीनंतर समजून घेतला. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटरांवर सोडले होते. त्यापूर्वीं, १९९३ ते २००१ या काळांत, माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत; त्यानंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखांत सोडलेलें जनावर आपल्या ठिकाणाकडे परत निघतें, वाटेंत माणसांच्या वस्त्या लागतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या भरून काढतो. आम्हीं जनावर हलविलें. ऊंस, पाणी, कुत्रीं, शेळ्या जेथल्या तेथेंच राहिलीं. माझ्या वाक्यांत व्याकरणाची चूक नव्हती, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं घोडेगांवावरून भीमाशंकराची वाट धरली. ज्या आंबेगांवामुळें तालुक्यास नांव मिळालें तें मूळ गांव डिंभ्याच्या जलाशयाखालीं गेलें आहे. कचेऱ्या घोडेगांवास आहेत. तळेघर मागें पडलें कीं रान जवळ येऊं लागतें. या रानास १९८५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर.

येथें येणारा प्रत्येक जण शेकरू पाहावयास मान वर करून चालतो. आम्हांसही एक दिसलें. तांबूस अंग, लांब झुबकेदार शेपूट. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतें. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी हीच त्याची वाट. घरटीं एकाहून अधिक, आणि तींही बारीक फांद्यांच्या टोंकांशीं, जेथें जड शत्रूस पोंचतां येत नाहीं. झाड तोडणारास वाटतें, एकच झाड गेलें. शेकरूचा पूल पडतो.

उंबराचें फूल पाहिलें आहे असें म्हणणारा माणूस आपल्याकडे थापाड्या ठरतो. तें फूल फळाच्या आंत असतें, आणि तें पाहण्यास एक चिलटाएवढी गांधीलमाशी लागते. ती उंबराच्या डोळ्यांतून आंत शिरते, परागण करते आणि तेथेंच अंडीं घालते. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी. तिचें आयुष्य एक-दोन दिवसांचें. म्हणून तिच्यासाठीं रानांत वर्षभर कोठें तरी एखादें झाड फळास आलेलें असावें लागतें. त्यामुळें इतर फळें संपलीं असतांही पांखरांस, वटवाघुळांस, वानरांस उंबर मिळतें. सर्वांच्या भाकरीची सोय त्या माशीच्या अल्पायुष्यानें करून ठेविली आहे.

रात्रीं मुक्कामाच्या घरामागें वारसाचें झाड फुललें होतें. वारसाचीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात. शुक्ल पक्ष होता. झाडाखालीं गेल्यावर वर जड गुणगुण ऐकूं आली. नातवास वटवाघूळ वाटलें. तो भुंगा होता, वाळक्या लाकडांत भोंक पाडून राहणारा. संस्कृत कवींचा भ्रमर सूर्यास्तास कमळांत कोंडला जातो; मुलांस मीं वर्षानुवर्षें तेंच शिकविलें. याच रानांत हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस यांनीं वारसाचें परागण रात्रीं असा भुंगा करतो हें २००१ सालीं दाखवून दिलें. आणि त्याच कुळांतील दुसरा एक भुंगा चंद्र नसतांना नुसत्या ताऱ्यांच्या उजेडांत रंग ओळखतो, हें २००८ सालीं सिद्ध झालें. ज्या वाळक्या फांदीस आपण निरुपयोगी म्हणून चुलींत घालतों, ती या भुंग्याचें घर. फांदी नाहीं तर भुंगा नाहीं, भुंगा नाहीं तर वारसाचें बीं धरणें कठीण. त्या रात्रीं मला झोंप उशिरा लागली.

सकाळीं नागफणीच्या कड्यावर गेलों. मागें भीमेचें पाणी पूर्वसमुद्राकडे निघालेलें, पुढें खालीं कोंकण, आणि त्यापलीकडे न दिसणारा पश्चिमसमुद्र. तेथें मीं नातवास त्याच्या दगडाचें उत्तर दिलें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन नांवाच्या शास्त्रज्ञानें १९६३ पासून एका खडकावरील समुद्रतारे उचलून दूर फेंकण्याचा क्रम ठेविला. समुद्रतारा शिंपले खातो. शत्रू नाहींसा होतांच शिंपल्यांनीं खडक व्यापला, आणि पूर्वीं तेथें नांदणाऱ्या १५ जातींपैकीं ८ च उरल्या, असें त्यानें १९६६ सालीं लिहिलें. अशा जीवास त्यानें पुढें कमानीच्या माथ्यावरील दगडाचेंच नांव दिलें. कोंकणांत खाडीच्या चिखलांतील तिवरांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. त्यांच्या मुळांच्या आडोशास कोळंबीचीं आणि माशांचीं पिलें वाढतात. तिवर तोडणारा खाडीकांठीं, आणि ज्याचें जाळें रिकामें येतें तो कोळी दूर समुद्रावर. दोघांची गांठ कधीं पडतच नाहीं.

परततांना नारायणगांवाजवळ एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलों. त्याचें घर उसाला लागून. महिन्यापूर्वीं कालवड गेली होती. चहा होतांच तो म्हणाला, "गुरुजी, मागचा अर्ज तुमचाच होता. आतांही एक लिहून द्या." मीं त्यास ४ आणि १७ ची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "आंकडे खरे असतील. पण अंगणांत पोरगी माझी खेळते." यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

थोड्या वेळानें मीं विचारलें, "रात्रीं शेतांत कशाला जातोस?" "मोटारीला वीज रात्रींच येते, गुरुजी." तेथून लिहावयास आरंभ केला. शेतीस दिवसा वीज मिळावी. शेळ्यांस बंद गोठे बांधण्यास साहाय्य व्हावें. ऊंसतोडींत सांपडलेलीं पिलें त्याच जागीं ठेवावीं, म्हणजे रात्रीं आई येऊन घेऊन जाईल. जो बिबट्या माणसावर हल्ला करील त्यास धरून माणिकडोहच्या निवारा केंद्रांत ठेवावें, हें कलम त्याच्या आग्रहानें घातलें, व तो आग्रह मला योग्य वाटला.

त्यानें कागद दोनदां वाचला. "वाघ जंगलांत नेऊन सोडा, असें यांत कोठें आहे?"

"नाहीं."

तो कांहीं वेळ उसाकडे पाहत राहिला. मग "थोरल्या भाऊंना विचारून उद्यां सही करतों," असें म्हणून त्यानें कागदाची घडी घालून ती खिशांत ठेविली.