कितीपैकी?

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: आकडे कमी ठेवा. मी ‘बघतो’ म्हणालो. लेखापरीक्षण विभागात ‘बघतो’ या उत्तराचा जो अर्थ होतो, तोच त्यांनी घ्यायला हवा होता.

निमित्त होतं त्यांच्या मोबाइलवर आलेल्या एका मजकुराचं. ‘कॅगचा दणका! बेटी बचाओचे ८० टक्के पैसे जाहिरातबाजीत!’ हा मजकूर काही वर्षांपासून फिरतो आहे. निवडणुका आल्या की जरा जोरात फिरतो. संपादकांचं म्हणणं, तुम्ही त्याच खात्यातले, तेव्हा लोकांना समजेल असं सांगा की सरकारच्या अशा खर्चावर संसद लक्ष ठेवते म्हणजे नेमकं काय करते.

पहिली गोष्ट, तो आकडा कॅगचा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, नाही. तो संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीच्या २०२१ सालच्या अहवालातला आहे. ही समिती १९९७ पासून आहे. तीत लोकसभेचे वीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य असतात. त्या वेळी अध्यक्ष होत्या नंदुरबारच्या तत्कालीन खासदार डॉ. हीना गावित, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच. हे मुद्दाम सांगतो, कारण फिरत्या मजकुराखाली ‘विरोधकांचा कट’ असं लिहिणारेही असतात. दोन्ही बाजूंनी अहवाल उघडलेला नसतो.

दुसरी गोष्ट जरा मनाला लागणारी. कॅग म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही धाडी टाकतो, गुन्हे दाखल करतो, अधिकाऱ्यांना घरी बसवतो. यातलं काहीही आम्ही करत नाही. आम्ही कागद बघतो आणि लिहितो. लिहिलेलं केंद्रात राष्ट्रपतींकडे, राज्यात राज्यपालांकडे जातं, तिथून सभागृहाच्या पटलावर येतं आणि मग लोकलेखा समिती त्यातले निवडक परिच्छेद घेऊन सचिवांना साक्षीला बोलावते. आपल्याकडे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. अधिवेशन नागपूरचं असेल तर तोवर आमदारांच्या गाड्या समृद्धी महामार्गाला लागलेल्या असतात.

पैसे द्यायचे की नाही हे ठरतं ते मात्र त्याआधी, मागण्या मंजूर होताना. खरी छाननी तिथे व्हायला हवी. केंद्रात प्रत्येक खात्याच्या मागण्या विभागाशी संलग्न स्थायी समित्यांकडे जातात. सभागृहात थोड्याच खात्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. २०१८ सालीही तेच झालं होतं. कोण गोंधळ घालत होतं आणि कोण बोलू देत नव्हतं यावर भांडणारे भांडोत. आमच्या दृष्टीने परिणाम एकच. ज्या खर्चाला मंजुरी देताना कोणी काही विचारलं नाही, त्याबद्दल चार-पाच वर्षांनी आम्ही विचारायचं.

आता त्या ८० टक्क्यांकडे. नेमका आकडा ७८.९१ आहे. संपादकांची क्षमा मागून पुढचे दोन-तीन परिच्छेद आकड्यांचे.

मुलगा घरी येऊन ‘चाळीस पडले’ म्हणाला की आई विचारते, ‘कितीपैकी?’ एवढंच विचारायचं असतं. जानेवारी २०१९ मध्ये सरकारनेच लोकसभेत लेखी उत्तर दिलं होतं. २०१४-१५ ते २०१८-१९ या काळात ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेसाठी ६४८ कोटी रुपये ठेवले. त्यातले ३६४.६६ कोटी माध्यमांवर गेले, १५९.१८ कोटी राज्यांना आणि जिल्ह्यांना दिले आणि उरलेले, म्हणजे १९ टक्क्यांहून थोडे जास्त, सुटलेच नाहीत. माध्यमांचा वाटा झाला ५६ टक्के. पुढे समिती म्हणाली ७८.९१. वाचणाऱ्याला वाटतं, बघा, जाहिराती केवढ्या वाढल्या. पण समितीचा हिशेब २०१६ ते २०१९ मध्ये वितरित झालेल्या ४४६.७२ कोटींवर आहे. त्याचे ७८.९१ टक्के काढा, साडेतीनशे कोटींच्या किंचित वर रक्कम येते. वर्षं वेगळी आहेत हे मान्य, पण वरचा आकडा जवळजवळ तोच राहिला आणि खालचा बदलला. एकात ‘ठेवलेल्या’ पैशांचा छेद, दुसऱ्यात ‘सुटलेल्या’.

इथवर कोणीही येईल. मला अजून झोपू देत नाही ती पुढची ओळ. त्याच समितीचा हवाला देऊन वृत्तसंस्थांनी दिलं की २०१४-१५ ते २०१९-२० या काळात एकूण तरतूद ८४८ कोटींची होती, राज्यांना ६२२.४८ कोटी वितरित झाले आणि राज्यांनी खर्च केले फक्त १५६.४६ कोटी, म्हणजे २५.१३ टक्के. राज्यं पैशांवर बसून राहिली, असा याचा सरळ अर्थ. आता बेरीज करा. राज्यांना ६२२ आणि माध्यमांवर निदान ३५०, झाले ९७२. तरतूद ८४८. सुटलेला पैसा तरतुदीपेक्षा सव्वाशे कोटींनी जास्त कसा? दोन्ही वाक्यं एकदम खरी असूच शकत नाहीत. ६२२ कोटींतच दिल्लीहून झालेला माध्यमांचा खर्च धरला असेल, तर राज्यांच्या हाती पडलेली रक्कम त्याहून कितीतरी कमी होती. २०१९ च्या उत्तरातले १५९ कोटी आठवा. मग राज्यांनी १५६ कोटी खर्च केले ही आळशीपणाची खूण राहत नाही, मिळालेल्यातलं बरंचसं खर्च केल्याची खूण ठरू शकते. एका छेदावरून आरोपी बदलतो, आणि यावर ओरड करताना मी कोणाला पाहिलं नाही. ओरड चालू होती ती जाहिरातीत कोणाचा फोटो होता यावर.

फोटोचा वाद मला कधीच कळला नाही. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचा फोटो नको असं सांगितलं. पुढच्या मार्चमध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. वर्तमानपत्रातली जागा चौरस सेंटिमीटरवर मोजतात. फोटो असो वा नसो, बिल तेवढंच येतं.

आणि एक गोष्ट समितीच्या बाजूनेही नाही, सरकारच्या बाजूनेही नाही, म्हणजे कोणालाच न आवडणारी. माध्यमांवरचा हा खर्च नियमाबाहेर झालाच नव्हता. २२ जानेवारी २०१५ ला पानिपतमध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून देशभर माध्यम मोहीम हा तिचा एक पायच होता. २०१८ मध्ये ती ६४० जिल्ह्यांत नेली, त्यातले २३५ जिल्हे निव्वळ प्रचार-प्रसिद्धीसाठी होते. बाकीच्या जिल्ह्यांना वर्षाला ५० लाखांपर्यंत मिळायचे. त्यातला निम्मा भाग नवोपक्रम आणि जनजागृतीला, आरोग्याला दहा टक्के, शिक्षणाला दहा टक्के. ‘उधळपट्टी’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असं की आखणीच तशी होती. लोकलेखा समितीपुढे हे गेलं असतं तर तिचे हात बांधलेले असते. ती १९२१ पासूनची, तिचा मान मोठा, १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे, मंत्र्याला तिथे प्रवेश नाही. पण पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्यासाठीच गेला का, हे ती प्रामुख्याने बघते. ते काम मुळात हाती घ्यावं का, हे धोरण. महिला समितीला तो संकोच नव्हता. तिने सरळ सांगितलं की आता जाहिरात पुरे, शिक्षण आणि आरोग्याकडे पैसे वळवा.

जाहिरातीचं लेखापरीक्षण कसं होतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. एका जिल्ह्यात (नाव नको, योजनाही आरोग्याची, वेगळीच) जनजागृतीच्या पत्रकांचं बिल माझ्यापुढे आलं. बिलावर तारीख ३१ मार्चची. प्रशासकीय मान्यता होती, दरपत्रकं होती, सगळ्यात कमी दराचीच निवड होती, साठा नोंदवहीत पत्रकं जमा होती आणि त्याच तारखेला तालुक्यांना वाटप दाखवलं होतं. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. पुढे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो तर ते गठ्ठे सुतळीसकट कोपऱ्यात होते आणि त्यांच्यावर लसीची शीतपेटी ठेवली होती. उंचीला बरोबर बसले होते. मी हाफ मार्जिन काढली. अर्ध्या पानावर आमची शंका, उरलेलं अर्धं पान कार्यालयाच्या उत्तरासाठी. उत्तर आलं, ‘सदर पत्रके वाटपाची कार्यवाही सुरू आहे.’ रक्कम लहान, खर्च नियमानुसार, त्यामुळे परिच्छेद वर गेलाच नाही. तिथल्या सिस्टर मात्र म्हणाल्या, ‘साहेब, पत्रक वाचून कोण येतंय? आशाताई दारात जाऊन बसते, तेव्हा बायका येतात.’ आशाताईचं दारात जाऊन बसणं कोणत्या नोंदवहीत जमा करायचं, याचा नमुना आमच्याकडे नाही.

मग मोहीम चालली की नाही हे मोजायचं कशाने? बेटी बचाओच्या बाबतीत केंद्राचं महिला व बालविकास मंत्रालय ९१८ वरून ९३४ हा आकडा देतं. आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार दर हजार मुलग्यांमागे जन्मलेल्या मुली, २०१४-१५ मध्ये ९१८ आणि २०१९-२० मध्ये ९३४. गंमत अशी की २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाणही ९१८ च होतं. दोन वेगळी मोजमापं, आकडा तोच, आणि भाषणांत दोन्हींची सर्रास सरमिसळ. त्याच जनगणनेत महाराष्ट्र ८९४ वर होता आणि बीड ८०७ वर. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलं, १९८८ साली. त्यामुळे पुढे जी काही सुधारणा झाली ती कायद्याच्या धाकाने, सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीने, की दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीने, हे कोणत्याही व्हाउचरवरून सांगता येत नाही. तरी आम्हाला दरवर्षी विचारतात, ‘पैसे कारणी लागले का?’

२०२२ मध्ये योजना केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ या एकत्रित योजनेत गेली आणि नव्या मार्गदर्शक सूचनांत जाहिरातीसाठी शून्य तरतूद झाली. जिल्ह्यांचा निधी जन्मावेळच्या प्रमाणावर ठरला: ९१८ किंवा खाली असेल तर वर्षाला ४० लाख, ९१९ ते ९५२ असेल तर ३०, त्यावर २०. खेळ, स्वसंरक्षणाची शिबिरं, मुलींची स्वच्छतागृहं अशा कामांवर भर आला. आदेश देण्याचा अधिकार नसलेल्या समितीने म्हटलं आणि वर्षभरात तसं झालं, हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सवय जात नाही. शिबिराला मंडप लागतो, मंडपाला फलक लागतो, फलकावर चेहरे लागतात. ‘जाहिरात व प्रसिद्धी’ या उद्दिष्टशीर्षाखाली शून्य दिसलं म्हणून पुस्तक मिटवणारा लेखापरीक्षक मी तरी कामाला ठेवला नसता. मी आधी ‘इतर प्रशासकीय खर्च’ उघडला असता.

वाचकांपैकी कोणाला हौस असेल तर हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं पुस्तक येईल, ते मिळवावं. त्यात २२२०, माहिती व प्रसिद्धी, हे लेखाशीर्ष शोधावं. शेजारी मूळ अर्थसंकल्पातलं तेच पान ठेवावं. तरतूद किती होती, आणखी किती मागितली, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते बघावं. मग आपल्या आमदारांना फोन करून विचारावं की या मागणीवर सभागृहात कोण किती वेळ बोललं. ते ‘बघतो’ म्हणाले तर आठवड्याने पुन्हा फोन करावा.