पंडितांचा धडा

दिवाळीची पहाट, अंगाला उटण्याचा वास आणि महालातल्या गल्ल्या! गांधी गेटातून शिरावे, बडकस चौकावरून रमतगमत जावे आणि चिटणीस पार्कच्या कडेला जरा टेकावे, हा माझा जुना परिपाठ. फराळाआधीच तेथे पोरांचे क्रिकेट रंगलेले असते.

आमच्या लहानपणी याच मैदानावर कोणी गावस्कर होई, कोणी वेंगसरकर. विदर्भाचा खेळाडू व्हायला कोणी तयार नसे. १९५७-५८ पासून विदर्भ रणजी खेळत होता, पण करंडक आपला नव्हे, अशी आमची समजूत. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचे कर्णधार झाले. मोठे व्हायचे तर गाव सोडावे, हा त्यातून आम्ही काढलेला अर्थ. प्राध्यापक झाल्यावर हुशार विद्यार्थ्यांना मीही हेच सांगत आलो.

२०१७ साली मात्र गंगा उलटी वाहिली. आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले, भारतातर्फे ५ कसोट्या खेळलेले चंद्रकांत पंडित मुंबईहून आमचे प्रशिक्षक म्हणून आले. शिस्त करडी, ‘चांगले खेळून हरलो’ यावर समाधान मानणारा हा माणूस नव्हे. १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या संघाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. रजनीश गुरबानीने त्या सामन्यात हॅटट्रिक साधली. आणि मैदान कोणते? इंदूरचे, होळकरांच्या नावाचे! पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राला नमवून करंडक घरीच राहिला.

नंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. २०२२ साली त्या संघाने प्रत्यक्ष मुंबईला हरवले, तेही बंगळूरच्या ज्या मैदानावर १९९९ साली मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते स्वतः अंतिम सामना हरले होते. त्या दिवशी त्यांना रडू आवरले नाही.

पण माझ्या पेशाच्या माणसाला भावते ती गोष्ट वेगळीच. मार्च २०२५ मध्ये, पंडित नसताना, विदर्भाने केरळवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन तिसऱ्यांदा करंडक जिंकला. मास्तर गेल्यावरही वर्गाला गणित सुटले, तरच ते शिकवले म्हणायचे.

एवढ्यात चेंडू माझ्या पायाशी आला. यष्टीमागचा चिमुरडा ओरडला, “काका, इकडे फेका ना! मी अक्षय वाडकर आहे!”

चेंडू फेकला. सुट्टी संपल्यावर वर्गात नवे काही सांगायचे आहे, हे तेव्हाच ठरले.