पडद्यावरचे नाव

नावाशी जोडलेली मराठी क्रियापदे मी अधूनमधून मोजते. नाव घेणे, नाव लावणे, नाव काढणे, नाव कमावणे, नाव बुडवणे. बारशाला आत्या नाव ठेवते आणि पुढे जन्मभर लोक नावे ठेवतात. फरक काय तो एकवचन-अनेकवचनाचा. या यादीत अलीकडे एका क्रियापदाची भर पडली आहे, ते म्हणजे नाव ‘टाकणे’. ‘गटात तुमचे नाव टाका’, ‘अर्जात नाव टाका’. टाकणे या धातूला मराठीत सोडून देण्याचाही अर्थ आहे, आणि तो इथे अगदी अस्थानी नाही. पडद्यावर एकदा टाकलेले नाव कोणी पाहिले, कोणी उतरवून घेतले, हे आपल्याला कळण्याची सोय नसते.

आमच्या अभ्यासकेंद्रात दरवर्षी नव्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट तयार होतो. ज्यांचे क्रमांक आपल्याकडे साठवलेले नसतात, त्यांच्या क्रमांकाशेजारी एक नागमोडी रेघ आणि त्यांनी स्वतः निवडलेले नाव दिसते. एका वर्षी त्या रेघेपुढे नुसते टिंब असलेली एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव मी येथे देत नाही. लेखाचा विषय पाहता ते शोभणार नाही. पूर्वी खरेदी-विक्रीच्या एका गटात तिने आपले पाळण्यातले नाव ठेवले होते. त्या गटातल्या एका अनोळखी माणसाने ते उचलले. आधी फुलांची चित्रे आणि सुप्रभात, मग एकेरी हाक, मग रात्रीचे फोन. घरात कळले तेव्हा त्या माणसाला कोणी काही विचारले नाही, हिचा फोन मात्र दोन महिने काढून घेतला गेला. दुकानातली नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईचा फोन म्हणजे तिचे ग्रंथालय, वर्गखोली आणि सूचनाफलक. ते वर्ष तिचे वाया गेले. पुन्हा प्रवेश घेतल्यावर तिने मला विचारले, “मॅडम, परीक्षेच्या अर्जावर माझे पूर्ण नाव आहेच. मग इथेही ते दिसायलाच हवे का?”

नको, असे मी तिला तत्काळ सांगितले. पण प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने 1843 मध्ये असे प्रतिपादन केले होते की विशेषनाम व्यक्तीचा केवळ निर्देश करते, तिच्याविषयी काही सांगत नाही. तर्कशास्त्रात हे ठीक आहे. महाराष्ट्रात कोणालाही विचारा, नाव पुष्कळ काही सांगते. ‘कर’ लावलेले आडनाव मूळ गाव सांगते, आडनावावरून जातीचा अंदाज बांधण्याची आपली सवय तर सुटता सुटत नाही. म्हणूनच चळवळीतल्या कित्येकांनी आडनाव गाळून आपल्या नावापुढे आईवडिलांची नावे लावली. त्यांच्या दृष्टीने नुसते पहिले नाव ही मोकळीक आहे. परंतु पहिले नावही मुके नसते. त्यातून लिंग कळते, बहुधा धर्म कळतो आणि थोडे कान असतील तर पिढीही कळते. शोभा आणि सई यांच्या जन्मवर्षांचा अंदाज आपण न विचारता करतो. आडनाव झाकून ठेवणारी स्त्री पहिले नाव सांगते तेव्हा त्रास देऊ पाहणाऱ्याला नेमकी हवी असलेली माहिती तेवढी त्याच्या हाती देते.

इथे आपली भाषाही तिला फारशी साथ देत नाही. ‘मी येते’, ‘मी आले’, ‘मी विसरले’: मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदच लिंग उघड करते. या लेखाचे पहिले वाक्य वाचताच लेखिका स्त्री आहे हे आपणांस समजले असेल. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा आडोसा आयता मिळतो, आपल्याला तो रचावा लागतो. टिंबवाल्या विद्यार्थिनीचे संदेश मी पुढे लक्षपूर्वक वाचू लागले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ‘स्वाध्याय पाठवला आहे.’ ‘मला दुसरा प्रश्न समजला नाही.’ ‘मी पुस्तक घेतले.’ वर्षभरात एकदाही तिने स्वतःचे लिंग दाखवणारे क्रियापद वापरले नाही. ‘मी पुस्तक घेतले’ या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते, म्हणून कर्ता झाकला जातो. कर्मणी प्रयोगाची व्याख्या तिला विचारली असती तर कदाचित अडखळली असती. पण त्याचा इतका जाणता उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

त्याच तुकडीत याच्या अगदी उलट उदाहरण होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्याला बावीस वर्षे झालेल्या एका गृहिणीने गटात आपले माहेरचे पहिले नाव ठेवले. सासरी तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. घरात तर ती आई, काकू, वहिनी एवढीच आहे. “इथे तरी कोणी हाक मारील,” असे ती म्हणाली. खरे नाव सांगावे की नाही असे आपण विचारतो, तेव्हा दोन नावे असलेल्या बाईचे खरे कोणते, हे आधी ठरवावे लागेल. मला विचाराल तर ज्या नावाला ती मनापासून ‘ओ’ देते ते.

माझे एक सहकारी नावे झाकण्याच्या विरोधात आहेत. जो नाव सांगत नाही त्याच्याशी वाद कसला घालायचा, असे ते म्हणतात. बिननावी खात्यांवरून चालणारी शिवीगाळ पाहिली की त्यांचे म्हणणे हलके वाटत नाही. पण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी हा नियम सरसकट लावू नये. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत असताना 1848 पासून ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’मध्ये आपल्याच समाजाचे दोष परखडपणे मांडत होते. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून मोठे वादळ उठले. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट त्या काळी बाळूताई खरे या आपल्या नावाने लिहिणे किती अवघड होते, हे त्या वादळावरूनच दिसते. पुढे विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. म्हणजे ‘खरी’ नावेही दोन झाली, आणि वाचकांच्या लेखी टिकले ते तिसरे. कुसुमाग्रजांची कथा तर याहून मौजेची: जन्मनाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णु वामन, आणि कवितेखाली धाकट्या बहिणीच्या नावावरून घेतलेले नाव.

या मंडळींनी नाव बदलले, पण ते वरचेवर बदलले नाही. गेल्या आठवड्याचा लोकहितवादी आणि या आठवड्याचा लोकहितवादी एकच, हे वाचकाला ठाऊक होते. म्हणून त्याला जाब विचारता येत होता. शिवी देऊन दुसऱ्या दिवशी नव्या नावाने येणारा आणि टोपणनावाने वर्षानुवर्षे एकच भूमिका मांडणारा, या दोघांना एका मापाने मोजणे मला मान्य नाही. जबाबदारी जन्मदाखल्याशी नव्हे, सातत्याशी बांधलेली असते.

बाकी नाव आपल्याच हाती आहे हा समजही फार ताणू नये. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे दिले की बँकेत नोंदवलेले नाव त्याच्या पडद्यावर उमटू शकते. बँकेतून बोलतोय असे सांगणारा भामटा पहिल्या वाक्यात आपले नाव घेतो, आणि केवळ तेवढ्याने आपण सैल होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो निकाल सर्वत्र ओळखला जातो, तो मात्र याचिकाकर्त्या पुट्टस्वामींच्या नावाने.

गटात नावे ठेवण्याची सक्ती मी करत नाही. केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येकाचे नाव असते. त्यामुळे कोणी मर्यादा सोडली तर त्याला शोधता येते, आणि मर्यादा पाळणाऱ्याला लपता येते. माझे स्वतःचे नाव मी पहिल्या दिवशी पूर्ण लिहिते, कारण मूल्यमापन करणाऱ्याने अनामिक राहणे अन्यायाचे आहे. विद्यार्थ्यांपैकी काही जण तासाभरात नावे लिहितात, काही परीक्षेपर्यंत लिहीत नाहीत. तरी संभाषण अडत नाही. ‘ताई, तिसऱ्या घटकाच्या टिपा पाठवाल का?’ ‘दादा, केंद्र बदलले आहे.’ टिंबाला सगळे ‘ताई’ म्हणू लागले तेव्हा ते कोणाला कसे कळले, हे मी विचारले नाही. तिच्या एका उत्तराखाली मात्र कोणी तरी लिहिले होते, ‘टिंबताई, तुम्ही नीट समजावता.’