हाड नसलेल्या जागी

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताची बोटे टोकांशी बधिर होऊ लागली आहेत, आणि ज्याची सारी हयात मेंदूचे विद्युत्-आलेख काढण्यात गेली त्याला ही हानी साधी नव्हे. कारण अपघाताने भंगलेल्या कवटीत हाड नेमके कोठे संपते, हे मी आजवर बोटांनीच पाहत आलो. बंगळूरच्या कोरमंगलातील माझ्या घरापासून जवळच होसूर रस्त्यावर, दोन जुन्या संस्थांच्या एकीकरणातून १९७४ साली उभे राहिलेले निम्हान्स हे मेंदू आणि मनाच्या विकारांचे रुग्णालय आहे. दुचाकीवरून पडलेल्या तरुणांना घेऊन तिकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका या भागातल्या रहिवाशांच्या नित्य परिचयाच्या आहेत.

मेंदूला सूज चढली की शल्यवैद्य कवटीचा मोठा तुकडा काढतात, पुष्कळदा तो रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात, आणि पुढे सवडीने परत बसवतात. मधल्या काळात रुग्ण आमच्याकडे आलेखासाठी आला की माझी जुनी अडचण उभी राहते. हाडाचा अडसर नसल्यामुळे त्या जागेवरच्या लहरी उंच आणि टोकदार उमटतात. कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली जिला ‘ब्रीच ऱ्हिदम’ म्हटले ती हीच लय, आणि नवखा वाचक तिलाच अपस्माराची खूण समजून बसतो. त्यात आता एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह डोक्यावरून सोडून बुद्धीची मरगळ काही हटते का, हे पाहण्याचे प्रयोग आले. स्पंजची पट्टी एफ-३ वर, म्हणजे डाव्या कपाळावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवावी असा हुकूम येतो. परंतु जॅस्परची १९५८ची दहा-वीस मापनपद्धती दोन्ही अंगांनी सारखे असलेले मस्तक गृहीत धरते, आणि माझ्यासमोरचे मस्तक एका बाजूने खचलेले असते. पट्टी भगदाडाच्या कडेशी आली, की बांध फुटलेल्या पाटाच्या पाण्यासारखा प्रवाह सोप्या वाटेने वळतो. नंतरच्या आलेखात मंद डेल्टा लहरी ओसरून जागेपणाच्या अल्फा लहरी उंचावलेल्या दिसल्या, तर श्रेय कोणाला द्यावे? प्रवाहाला, रुग्ण तेवढ्यात अधिक जागा झाला त्याला, की दुसऱ्या खेपेस इलेक्ट्रोड बोटभर भगदाडाकडे सरकला त्याला? पुढे हाड परत बसले की त्याच लहरी खुजट होतात, आणि मुलगा घरच्यांना नावाने हाक मारू लागला असतानाही बाप आलेखाकडे पाहून धास्तावतो.

हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला आलेख घेतला, तोही कवटीचे हाड काढलेल्या एका तरुणाचाच. आमच्या विद्येचा आरंभच अशा उघड्या जागेवरून झाला असता रुग्णाच्या अशा जागेचा दाखला नोंदीत न देणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. घरच्या घरी डोक्याला लावायची प्रवाहयंत्रे विकणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. ज्याच्या कवटीत भोक आहे त्याला ते यंत्र कोणत्या भरवशावर देतात?

माझी शिष्या इलेक्ट्रोडांची तयार टोपी चढवते. टोपी मी निकृष्ट ठरवीत आलो, आणि त्यामागे विद्येच्या काळजीइतकाच माझ्या बोटांचा अहंकार होता. तिचा आलेख स्वच्छ निघाला त्या दिवशी मी त्यात वैगुण्य शोधीत बराच वेळ बसलो, आणि ते न सापडल्याचे मला दुःख झाले. तरीही एका बाबतीत मी हटत नाही. टोपी चढवण्यापूर्वी तिने हाडाची कड बोटाने चाचपावी, नाकाच्या मुळापासून आणि कानापासून तिची अंतरे मोजावी, दप्तरी कागदावर आकृती काढून सही करावी. तोवर प्रवाहाची कळ दाबायची नाही. ‘सर, स्कॅनमध्ये हे सारे दिसतेच ना,’ असे ती म्हणाली. त्या रुग्णाचा स्कॅन अपघाताच्या रात्रीचा होता, त्यात हाड अजून जागेवर होते. मी तिला तारीख दाखवली, आणि तिने टेप हातात घेतली.